अकरा की एकतीस?

बडोद्याच्या मांडवीला लागून असलेली घडियाळी पोळ ही जुन्या शहरातली सोन्या-चांदीची पेठ. पोळमधला सराफ जुना दागिना हातात आला की तो कसोटीच्या काळ्या दगडावर घासतो, शेजारी माहितीतल्या कसाची काडी घासतो, दोन्ही रेघांवर आम्ल लावतो आणि मिनिटाभरात सोन्याचा अंदाज सांगतो. पक्का निकाल हवा असेल तर दागिना हॉलमार्किंग केंद्रात जातो. तिथे आधी क्ष-किरणांनी तपासणी होते, मग नमुना खरवडून भट्टीत घातला जातो. त्याला काही तास लागतात. दगड दिवसातून कितीही वेळा वापरता येतो, भट्टी नाही. आणि दगडाच्या भरवशावर हॉलमार्कचा शिक्का मारता येत नाही.

आता त्याच सराफाच्या बिलाकडे पाहू. अशी बिले आता दुकानातल्या संगणकात राहत नाहीत, ती क्लाउडवर जातात. क्लाउड म्हणजे प्रत्यक्षात कुठले तरी डेटा सेंटर. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुण्यात, अॅमेझॉनने २०१६ साली मुंबईत आणि गुगलने २०१७ साली मुंबईतच आपली केंद्रे उघडली, तेव्हापासून पश्चिम भारतातल्या दुकानांचा पुष्कळसा हिशेब तिथल्या डेटाबेसमध्ये साठू लागला. बिलिंगचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला मात्र रोज एकच प्रश्न पडतो: मी आत्ता केलेल्या बदलाने काही मोडले तर नाही ना?

हे तपासायला युनिट टेस्ट असते. प्रोग्रॅमचा एक छोटा तुकडा घ्यायचा, त्याला ठरावीक माहिती द्यायची आणि ठरलेले उत्तर येते का ते संगणकालाच पाहायला लावायचे. केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ साली झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात जेयुनिट हे साधन लिहायला घेतले आणि ही सवय जगभर पसरली. तिचे बळ वेगात आहे. दर दहा मिनिटांनी सगळ्या टेस्ट चालवता आल्या तर चूक झाल्या जागीच सापडते. टेस्ट संपायला चहा पिऊन यावे इतका वेळ लागत असेल, तर माणूस त्या चालवायचे टाळतो.

वेग कमी होतो तो अंतरामुळे. बडोदे ते मुंबई सुमारे चारशे किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसते जाऊन येण्यातच चार मिलिसेकंद गेले. वाटेतली यंत्रे आणि डेटाबेसचे स्वतःचे काम धरून एका प्रश्नाला वीस मिलिसेकंद लागतात असे मानू. दोन हजार टेस्ट, प्रत्येकीत दहा प्रश्न, म्हणजे वीस हजार फेऱ्या आणि जवळपास पावणेसात मिनिटे. तोच डेटाबेस लॅपटॉपवर असेल आणि ०.२ मिलिसेकंदात उत्तर देत असेल, तर सगळे काम चार सेकंदांत आटोपते. शिवाय टेस्टसाठी क्लाउडवर एकच सामाईक डेटाबेस ठेवला की दोघे सहकारी एकाच वेळी टेस्ट चालवतात, एकाची टेस्ट दुसऱ्याच्या नोंदी पुसते आणि कारण शोधण्यात दुपार जाते. इंटरनेट गेले तर काम ठप्प, आणि महिन्याअखेरी क्लाउडचे बिल येते ते वेगळेच.

म्हणून लॅपटॉपवर स्थानिक डेटाबेस हवा, इथवर सहसा कोणाचे दुमत नसते. काही जण म्हणतील की डेटाबेसशी बोलणारी टेस्ट ही युनिट टेस्टच नव्हे; मायकल फेदर्स यांनी २००५ साली तसा नियमच मांडला होता. नावाचा तो वाद मला गौण वाटतो. बिलिंगसारख्या कामात अर्धे नियम डेटाबेसमध्येच राहतात. डेटाबेस वगळून केलेली टेस्ट त्या अर्ध्याला हातच लावत नाही. खरा प्रश्न वेगळा आहे: स्थानिक डेटाबेस कोणता ठेवायचा आणि त्यात काय भरायचे?

सोपे उत्तर म्हणजे एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस. रिचर्ड हिप यांनी तो २००० साली लिहिला. ते तेव्हा अमेरिकी नौदलाच्या एका विनाशिकेसाठीच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते. डेटाबेसचा सर्व्हर बंद पडला की त्यांचा प्रोग्रॅमही निरुपयोगी व्हायचा, म्हणून सर्व्हरच नको, माहिती थेट फाइलमधून वाचू, असे त्यांनी ठरवले. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आणि आयफोनमध्ये तो असतो. बसवावा लागत नाही, फुकट आहे, मेमरीतच चालवता येतो. टेस्टसाठी याहून सोयीचे काय असणार? साहजिकच क्लाउडवर पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल हा सर्व्हरवर चालणारा डेटाबेस आणि टेस्टमध्ये एसक्यूलाइट अशी जोडी पुष्कळ ठिकाणी दिसते. एसक्यूलाइट उत्तम आहे आणि त्याच्या स्वतःच्या चाचण्या तर अत्यंत कसून केलेल्या आहेत. पण तो पोस्टग्रेस नाही आणि मायएसक्यूएलही नाही. दुसऱ्या डेटाबेसचा बदली म्हणून तो उभा केला की फसगत होते.

पत्त्याच्या रकान्यात ‘घडियाळी पोळ’ एवढेच लिहू आणि डेटाबेसला विचारू, याची लांबी किती? लेंग्थ हे फंक्शन तिघांकडेही आहे. एसक्यूलाइट सांगतो ११. काना, मात्रा, वेलांट्या सुट्या धरल्या आणि मधली मोकळी जागा मोजली की अकरा खुणा होतात. पोस्टग्रेसही ११ म्हणतो. मायएसक्यूएल मात्र ३१ सांगतो, कारण तिथे लेंग्थ खुणा मोजत नाही, बाइट मोजते. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते. दहा खुणांचे तीस आणि मोकळ्या जागेचा एक. टेस्टमध्ये पत्ता इंग्रजी लिपीत लिहिला असता तर तिघांनी एकच आकडा दिला असता, कारण इंग्रजी अक्षर एका बाइटचे. टेस्ट हिरवी, म्हणजे उत्तीर्ण, झाली असती आणि पहिले मराठी किंवा गुजराती बिल निघेपर्यंत कोणाला पत्ताही लागला नसता.

आता समजा, हा रकाना दहा खुणांचाच ठेवला आहे. पोस्टग्रेस अकरावी खूण पाहून नोंद नाकारतो. मायएसक्यूएल २०१५ साली आलेल्या ५.७ आवृत्तीपासून मूळ मांडणीत नाकारतो. त्याआधी तो नुसती तंबी देऊन पत्ता ‘घडियाळी पो’ असा छाटून ठेवायचा. एसक्यूलाइटला दहाची मर्यादा दिसते पण तो ती पाळत नाही, अकराही ठेवतो आणि अकराशेही. आकड्यांच्या रकान्यात अक्षरे घातली तरी त्याची तक्रार नसते. २०२१ च्या अखेरीस त्यात काटेकोर तक्त्यांची सोय आली, पण ती मागावी लागते.

नावांचेही तसेच. ‘कऱ्हाडे’ या आडनावातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकच खूण म्हणून, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता अशा दोन खुणांनी. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. एका काउंटरवरच्या कळफलकाने पहिला दिला, दुसऱ्यावरच्याने दुसरा, तर एसक्यूलाइटच्या आणि मूळ मांडणीतल्या पोस्टग्रेसच्या लेखी ही दोन वेगळी माणसे ठरतात. मायएसक्यूएलची ८ वी आवृत्ती मूळ मांडणीत त्यांना एकच मानते. म्हणजे क्लाउडवर कोणता डेटाबेस आहे त्यावर ग्राहकाचे जुने खाते सापडणार की नवे उघडले जाणार हे ठरते. नाव साठवण्यापूर्वीच एका रूपात आणणे हा उपाय सोपा आहे. पण टेस्टच्या यादीत कऱ्हाडे असल्याशिवाय तो सुचणार कसा? टेस्टमधली सगळी माणसे ‘एबीसी’ नाही तर ‘टेस्ट वन’ असतात.

वजनाची गोष्ट अधिक नाजूक, कारण तिथे थेट पैसा आहे. ०.१ ग्रॅमची चमकी आणि ०.२ ग्रॅमची मुरणी मिळून ०.३ ग्रॅम झाले का, असे विचारले तर पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल हो म्हणतात. ते दशांश जसेच्या तसे हाताळतात. एसक्यूलाइट नाही म्हणतो. तो बेरीज द्विमान अपूर्णांकांत करतो आणि ती ०.३०००००००००००००००४ येते. टेस्ट इथे विनाकारण लाल होते. मग वैतागलेला प्रोग्रॅमर ‘थोडाफार फरक चालेल’ अशी सूट टेस्टमध्ये घालतो, आणि त्या सुटीतून पुढे खरी चूकही निसटते.

सगळ्यांत बेमालूम लपते ती बिलाच्या क्रमांकातली चूक. जीएसटीच्या ४६ व्या नियमाप्रमाणे बिलांना ओळीने क्रमांक हवा, तोही सोळा अक्षरांच्या आत. ग्राहकाने हार पसंत केला, प्रोग्रॅमने १०४२ क्रमांकाचे बिल उघडले, कार्ड चालले नाही आणि सगळा व्यवहार रद्द झाला. डेटाबेसने नोंद मागे घेतली. पुढच्या गिऱ्हाइकाला कोणता क्रमांक मिळेल? एसक्यूलाइट पुन्हा १०४२ देतो, कारण क्रमांकाची नोंदही त्याने व्यवहाराबरोबर मागे घेतलेली असते. पोस्टग्रेसचा स्वयंचलित क्रमांक मात्र मागे फिरत नाही; तो १०४३ देतो. हा दोष नव्हे. एकाच वेळी शेकडो जण क्रमांक मागत असताना कोणाला ताटकळत ठेवायचे नाही, म्हणून तो मुद्दाम तसा बनवला आहे. पण सराफाच्या दप्तरात १०४२ ची जागा रिकामी राहते आणि हिशेबनीस विचारतो, हे बिल गेले कुठे? लॅपटॉपवरच्या टेस्टमध्ये ही रिकामी जागा कधीच दिसली नव्हती.

धनत्रयोदशीच्या गर्दीत दोन काउंटरवरून एकच दागिना विकला जाण्याचा धोकाही असाच. १ जुलै २०२१ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र ओळख क्रमांक येऊ लागला, आणि १ एप्रिल २०२३ पासून त्याच्याशिवायचा हॉलमार्क दागिना दुकानदाराला विकता येत नाही. म्हणजे प्रत्येक दागिना एकमेव. दोन्ही काउंटरनी एकाच क्षणी ‘शिल्लक आहे का’ विचारले, तर मूळ मांडणीतला पोस्टग्रेस दोघांनाही हो म्हणू शकतो, आणि प्रोग्रॅममध्ये कुलूप घातलेले नसेल तर बिले दोन निघतात. एसक्यूलाइट एका वेळी एकालाच लिहू देतो, दुसऱ्याला थांबवतो. त्यामुळे ही धक्काबुक्की टेस्टमध्ये घडतच नाही. त्याच रात्री साडेबाराला बिल झाले तर तारीख कोणती? एसक्यूलाइटला आजची तारीख विचारली की तो नेहमी जागतिक वेळेप्रमाणे सांगतो, म्हणजे साडेपाच तास मागची, कालची. पोस्टग्रेस जोडणीला नेमून दिलेल्या वेळेप्रमाणे सांगतो. सोन्याचा भाव रोज बदलतो, तेव्हा या एका तारखेने रक्कम बदलू शकते.

माझे मत स्पष्ट आहे: क्लाउडवर जो डेटाबेस, तोच, त्याच आवृत्तीचा, लॅपटॉपवर चालवावा. पूर्वी हे जिकिरीचे होते. २०१३ साली डॉकर हे साधन आल्यापासून पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल डब्यात बंद करून काही सेकंदांत उभा करता येतो आणि टेस्ट संपली की टाकून देता येतो. टेस्टकंटेनर्ससारखी साधने तर हे काम टेस्टच्या आतूनच करतात. प्रत्येक टेस्ट एका व्यवहारात चालवून शेवटी तो मागे घेतला की पुढच्या टेस्टला पाटी कोरी मिळते. एसक्यूलाइटपेक्षा हे थोडे हळू आहे, पण चार सेकंदांच्या जागी पंधरा लागले तरी माझी तक्रार नाही.

काही डेटाबेस मात्र क्लाउड कंपनीच्या बाहेर मिळतच नाहीत. अॅमेझॉनचा डायनॅमोडीबी तसा आहे. २०१२ साली तो आला आणि पुढच्याच वर्षी अॅमेझॉनने त्याची लॅपटॉपवर चालणारी नक्कल दिली. गंमत अशी की ही नक्कल आतून एसक्यूलाइटच वापरते. ती खऱ्यासारखी बोलते, पण खऱ्याच्या मर्यादा दाखवत नाही. खरा डायनॅमोडीबी ठरलेल्या क्षमतेपलीकडे मागण्या आल्या की त्या परतवतो. नक्कल कधी नाही म्हणत नाही. खऱ्यात नुकतीच लिहिलेली नोंद लगेच वाचली तर क्वचित जुनीच दिसते, कारण माहितीच्या अनेक प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर असतात आणि साध्या वाचनाला त्यांतली मागे राहिलेली प्रत मिळू शकते. नक्कल एकाच यंत्रावर असल्याने तिथे ताजेच दिसते. कोणाला काय वाचायची परवानगी आहे, हेही तिथे तपासले जात नाही.

एवढ्यासाठी खऱ्या क्लाउडवरची फेरी, म्हणजे सराफाच्या दगडानंतरची भट्टी, लागतेच. ती दर दहा मिनिटांनी नको. रात्री एकदा, किंवा नवी आवृत्ती दुकानांकडे पाठवण्यापूर्वी, वेगळ्या खात्यात चालवावी. त्या खात्यात सराफाच्या खऱ्या ग्राहकांची यादी उतरवून ठेवण्याचा मोह फार होतो, कारण तिच्यात सगळ्या तऱ्हांची नावे आणि पत्ते आयते मिळतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अशा माहितीला वापराचा हेतू सांगून संमती घेण्याची अट घातली आहे, आणि दागिना घेताना फोन नंबर देणाऱ्या बाईंनी तो प्रोग्रॅमच्या चाचणीसाठी दिलेला नसतो. तेव्हा नावे कल्पितच हवीत. ती बसून, विचार करून लिहावीत: दोन्ही तऱ्हांच्या ‘ऱ’ची, ‘ळ’ची, गुजराती लिपीतली, आडनाव आधी लिहिणारी, आडनावच नसलेली. अर्ध्या दिवसाचे काम आहे, आणि ते प्रोग्रॅमच्या बाकी कामाइतक्याच लक्षपूर्वक करायला हवे.