तीस दिवसांची उसनवारी

भिवंडीत यंत्रमागाची खटखट रात्रीही थांबत नाही. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून एकटे आलेले कामगार बारा-बारा तासांची पाळी करतात आणि बिशीत जेवतात. बिशी म्हणजे कामगारांची खानावळ. जेवण रोजचे, हिशेब पगार झाल्यावर. माग जितका धोट्यावर चालतो तितकाच या जेवणावरही चालतो, हे मला तिथे पहिल्यांदा उमगले आणि गिरणगाव आठवले.

मुंबईच्या गिरण्यांतही असेच होते. कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुराकडून आलेले गडी लालबाग-परळच्या चाळींत राहायचे. एकेका खोलीत एकेक बाई दहा-वीस जणांचे डबे रांधायची. पीठ, तेल, रॉकेल आजच घ्यायचे. पैसे येणार महिनाअखेरीला. मधल्या तीस दिवसांचे भांडवल कोण पुरवणार? वाणी आणि सावकार. गहाण काय, तर भांडी, डोरले.

हा तीस दिवसांचा खड्डा प्रेमा पुरव यांनी ओळखला. गोव्याच्या मुक्तिलढ्यात पायात गोळी लागलेली ही मुलगी मुंबईत येऊन गिरणी कामगारांत काम करू लागली. सत्तरच्या दशकातल्या संपात पुरुषांचा पगार थांबला, तरी खानावळवाल्यांची चूल पेटतच होती. संप या बायकांच्या उसनवारीवर तगला होता. संघटना मात्र पुरुषांची होती.

1975 साली प्रेमाताईंनी 14 जणींना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना बँकेच्या दारात नेले. 1969 मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि 1972 पासून दुर्बळ घटकांसाठी वर्षाला शेकडा 4 व्याजाची योजना होती. सावकारी व्याजाशी याचा फरक किती मोठा आहे पाहा. समजा सावकार हजार रुपयांवर महिन्याला शेकडा 10 घेतो. म्हणजे दरमहा 100 रुपये. शेकडा 4 दराने तेच व्याज अख्ख्या वर्षाला 40! पोळी तीच, हात तेच; फरक फक्त पैसे कोणाकडून आले याचा.

पण बँकेला तारण हवे. चाळीतल्या बाईकडे ना घर नावावर, ना पगारपत्रक. इथे मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट घडते: बायका एकमेकींना जामीन राहिल्या. कोणाची चूल नीट चालते, कोणाचा नवरा पैसे उडवतो, कोण शब्दाला जागते, हे शेजारणीइतके कोणत्या बँकेच्या साहेबाला ठाऊक असणार? चाळीतली ही माहितीच तारण ठरली. बांगलादेशात मुहम्मद युनूस यांचा जोब्रा गावातला छोट्या कर्जांचा प्रयोग 1976 चा. लालबागच्या बायका त्याच्या वर्षभर आधीच एकत्र आल्या होत्या.

1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि कापड विणण्याचे बरेचसे काम भिवंडीच्या मागांवर आले. जेवणारे गडी पांगले. मंडळाने मोठी स्वयंपाकघरे चालवली, वाशीत नोकरदार मुलींसाठी वसतिगृह काढले. प्रेमाताईंना 2002 मध्ये पद्मश्री मिळाली. 2024 मध्ये त्या गेल्या. त्यांची मुलगी मेधाताई पुरव-सामंत यांनी बँकेतली नोकरी सोडून 1993 पासून पुण्याच्या वस्त्यांत हेच कर्ज मिळवून देण्याचे काम सुरू केले. तिथे भाजीवाल्या होत्या, कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या होत्या. प्रत्येकीचा खड्डा वेगळा. भाजीवालीचा तर एकाच दिवसाचा: पहाटे मंडईत पैसे मोजायचे आणि ते संध्याकाळी हातगाडीवरून परत यायचे.