दोन नळ्यांचा श्वास

पाण्याखाली मोकळेपणाने श्वास घेता यावा, ही माणसाची फार जुनी आकांक्षा आहे. मात्र ती सर्वसामान्यांच्या आवाक्यात येऊन अद्याप शंभर वर्षेही झालेली नाहीत. आज मालवणच्या किनाऱ्यावर अथवा अंदमानात सहलीला गेलेला प्रवासी थोड्याशा तयारीनंतर समुद्राच्या पोटातील प्रवाळ पाहून येतो. त्याच वेळी अमेरिकेत आणि युरोपात काही मंडळी नेमकी उलट वाट चालत आहेत. १९५० आणि १९६० च्या दशकांतील, पितळी डबा आणि दोन जाड रबरी नळ्या असलेली श्वसनयंत्रे ती माळ्यावरून आणि जुन्या बाजारांतून शोधून काढतात, स्वहस्ते दुरुस्त करतात आणि पाठीवर बांधून पाण्यात उतरतात. पाण्याखालील साधनांचा इतिहास जपण्यासाठी ब्रिटनमध्ये १९९० साली आणि अमेरिकेत १९९२ साली ‘हिस्टॉरिकल डायव्हिंग सोसायटी’ या नावाने संस्थाही स्थापन झाल्या. अद्ययावत साधने सहज मिळत असताना हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर शोधताना साधन आणि ते वापरणाऱ्याची समज यांच्या नात्याविषयी बरेच काही हाती लागते.

मोटारीच्या झडपेतून जन्म

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स जर्मन फौजांच्या ताब्यात असताना तेथे पेट्रोलची तीव्र टंचाई होती. लाकूड-कोळशापासून निघणाऱ्या वायूवर मोटारी चालवता याव्यात, म्हणून ‘एअर लिक्विड’ या कंपनीतील अभियंते एमिल गान्याँ यांनी इंजिनाला हवा तेवढाच वायू पुरवणारी झडप तयार केली होती. फ्रेंच नौदलातील अधिकारी जाक-ईव्ह कुस्तो डिसेंबर १९४२ मध्ये त्यांना पॅरिसमध्ये भेटले, आणि या झडपेतून पाणबुड्याला श्वासापुरती हवा देता येईल, ही कल्पना आकाराला आली. मागणीनुसार हवा देणारी झडप रुकेरोल आणि दनेरूझ या फ्रेंच जोडीने १८६० च्या दशकातच वापरली होती. परंतु त्या काळच्या टाक्यांना फार दाब सहन होत नसे.

जानेवारी १९४३ मध्ये मार्न नदीत पहिली चाचणी झाली. पाण्यात आडवे असताना यंत्र उत्तम चाले. उभे राहिले की हवा भसाभसा वाहून जाई आणि डोके खाली केले की श्वास ओढणे कठीण होई. हवा आत सोडणारी झडप आणि उच्छ्वास बाहेर टाकणारी झडप यांच्यामध्ये काही इंचांचे अंतर होते, आणि पाण्यात तेवढ्या अंतरानेही दाब बदलतो, हे त्याचे कारण होते. उच्छ्वासाची वाट पुन्हा पाठीमागे नेऊन आतील झडपेच्या शेजारी उघडायची, हा उपाय दोघांनी शोधला. जुन्या यंत्राला दोन नळ्या असतात त्या यामुळेच. उजव्या खांद्यावरून ताजी हवा येते, डाव्या खांद्यावरून उच्छ्वास परत जातो आणि बुडबुडे डोक्यामागे सुटतात. ‘अॅक्वा-लंग’ म्हणजे पाण्यातील फुप्फुस, हे नाव या यंत्राला मिळाले. पुढे १९५० च्या दशकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियातील टेड एल्ड्रेड यांनी दुसरी झडप थेट तोंडाशी आणून एका नळीचे यंत्र तयार केले. आजचे प्रत्येक रेग्युलेटर त्याच घराण्यातील आहे.

काटा नाही, फुगणारे जाकीट नाही

त्या काळच्या पाणबुड्याकडे काय नव्हते, याची यादी आज वाचली तरी छाती दडपते. सिलिंडरात हवा किती उरली हे सांगणारा काटा बहुधा नसे. पाण्यात तरंगण्यासाठी फुगवता येणारे जाकीट नसे. वजनाचा पट्टा आधीच नेमका जुळवायचा आणि खाली गेल्यावर फुप्फुसातील हवा कमी-अधिक करून तोल सांभाळायचा. सोबत्यासाठी दुसरी तोटी नव्हती आणि मनगटावरचा संगणक तर कल्पनेतही नव्हता.

हवा संपत आल्याची सूचना देणारी एकच व्यवस्था होती. सिलिंडरच्या तोंडाशी स्प्रिंगची एक झडप असे. आतील दाब साधारण २० बारपर्यंत उतरला की श्वास जड होऊ लागे. मग पाठीमागची सळई खाली ओढायची, की राखून ठेवलेली हवा मोकळी होई आणि पाणबुड्याने तत्काळ वर निघायचे. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर ही त्याची गंगाजळी. मात्र ही सळई खडकाला घासून आधीच खाली सरकली असेल, तर गंगाजळी केव्हाच खर्च झालेली असे आणि त्याची खबर मात्र कोणालाही नसे. श्वास जड झाला म्हणून हात मागे जाई आणि ओढायला काहीच शिल्लक नसे.

अशा साधनांसह जगायचे तर शिक्षणही तसेच कठोर हवे. कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेत १९५० च्या दशकाच्या प्रारंभी कॉनरॅड लिंबॉ यांनी शास्त्रज्ञांसाठी पद्धतशीर प्रशिक्षण सुरू केले. तेथून धडे घेऊन लॉस एंजेलिस काउंटीने नागरिकांसाठी प्रशिक्षक घडवले. ब्रिटनमध्ये १९५३ साली ब्रिटिश सब-अॅक्वा क्लब स्थापन झाला, तर अमेरिकेत १९६० साली ‘नावी’ आणि १९६६ साली ‘पाडी’ या प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. दरम्यान १९५८ ते १९६१ या काळात ‘सी हंट’ या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेने पाणबुड्याला घराघरांत पोहोचवले होते.

जुन्या वर्गातील एक परीक्षा प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्याने तलावाच्या तळाशी जाऊन मुखवटा, सिलिंडर, पट्टा असे सारे साहित्य काढून ठेवायचे, रिकाम्या अंगाने वर यायचे आणि पुन्हा बुडी मारून सारे अंगावर चढवायचे. एकाच तोटीतून दोघांनी आळीपाळीने श्वास घेण्याचा सराव तर पुनःपुन्हा होई. दोन नळ्यांच्या यंत्रात पाणी शिरले, तर डाव्या कुशीवर वळून जोराने फुंकायचे, म्हणजे पाणी उच्छ्वासाच्या नळीतून निघून जाते. हेही अंगवळणी पडेपर्यंत शिकवले जाई. या सर्वांच्या मुळाशी एक भौतिक नियम होता. दहा मीटर खोलीवर हवेचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट आणि तीस मीटरवर चौपट असतो. तेथे घेतलेला श्वास कोंडून कोणी वर आला, तर हवा प्रसरण पावून फुप्फुस फाटू शकते. त्यासाठी दीड-दोन मीटरची उथळ चढणदेखील पुरते. म्हणून श्वास कधीही रोखायचा नाही, हा या विद्येचा पहिला पाठ आहे.

आजची शाळा

आजचे प्राथमिक प्रशिक्षण मोजक्या दिवसांत पूर्ण होते. ‘पाडी’च्या ओपन वॉटर या अभ्यासक्रमात थोडे वाचन, तलावातील सराव आणि समुद्रातील चार बुड्या असतात. २०० मीटर पोहणे आणि १० मिनिटे तरंगणे एवढी शारीरिक अपेक्षा असते आणि उत्तीर्ण झालेल्या प्रौढ व्यक्तीसाठी १८ मीटरची मर्यादा आखून दिलेली असते. दहा वर्षांचे मूलही बाल-प्रमाणपत्र घेऊ शकते. आपल्या राज्यात तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कुबा प्रशिक्षण संस्था आहे. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पथकाने १९८० च्या दशकात डॉ. एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली द्वारकेच्या समुद्रात जे पुरातत्त्वीय संशोधन केले, त्याचा आधारही पाण्याखाली काम करू शकणारी प्रशिक्षित माणसेच होती.

प्रशिक्षणाशिवायची ‘अनुभव-बुडी’ ही त्याहून सोपी. रजा प्रवास सवलतीवर गेलेल्या आपल्या अनेक सहकाऱ्यांप्रमाणे मीही ती घेतली आहे. हाताच्या तीन-चार खुणा शिकलो. पुढचे सारे पाठीशी असलेल्या प्रशिक्षकाने सांभाळले. रंगीत मासे पाहिले, छायाचित्र मिळाले, आनंद झाला. माझ्या सिलिंडरात किती हवा होती, हे मात्र मला शेवटपर्यंत ठाऊक नव्हते. जुन्या यंत्रांविषयी वाचण्याची जिज्ञासा मला तेथूनच लागली.

जीर्णोद्धार

जुने रेग्युलेटर उघडले की प्रथम दिसतो तो पितळेवर चढलेला हिरवट थर. आपल्याकडे पितळेची भांडी चिंचेच्या कोळाने लख्ख होतात. येथे तेच काम पातळ व्हिनेगर करते, कारण दोन्हींत आम्लच. त्यानंतर कडक झालेला रबरी पडदा, तडकलेल्या नळ्या आणि बदकाच्या चोचीसारखी उच्छ्वासाची झडप काढून टाकावी लागते. या भागांच्या सिलिकॉनच्या नव्या आवृत्त्या आता मिळतात आणि त्या मूळ रबरापेक्षा अधिक टिकतात. ओ-रिंग बदलून, सिलिकॉनचे वंगण लावून यंत्र पुन्हा जोडले जाते. मग खरी कसोटी येते. दोन टप्प्यांच्या यंत्रात पहिल्या टप्प्यानंतरचा दाब स्थिर राहतो की हळूहळू चढतो, हे मापकावर पाहायचे. चढत असेल, तर झडप गळते आहे. झडप किती ओढीला उघडते, हे पाण्याच्या उंचीत मोजायचे. तरफेची उंची किंचित चुकली, तरी श्वास जड होतो वा हवा वाहत राहते.

सिलिंडरची गोष्ट याहून गंभीर आहे. त्या काळचे अमेरिकी पोलादी सिलिंडर साधारण १५५ बार दाबासाठी घडवलेले असत. आज २०० बार व त्याहून अधिक दाब सर्रास भरला जातो. म्हणून जुन्या नळकांड्यावर कोरलेला आकडा हाच कायदा मानावा लागतो. अमेरिकेत दर पाच वर्षांनी सिलिंडरात पाणी भरून, कामाच्या दाबापेक्षा अधिक दाब देऊन तो कायमचा किती फुगला हे मोजले जाते. आत गंज असेल, तर कठीण खडे घालून सिलिंडर फिरवून घासतात. ओलसर सिलिंडर वर्षानुवर्षे भरून ठेवला, तर गंज आतील प्राणवायूच खाऊन टाकतो. काटा पूर्ण दाब दाखवतो आणि आतील हवा मात्र श्वासाच्या लायकीची राहिलेली नसते. ‘६३५१’ या मिश्रधातूच्या जुन्या अॅल्युमिनियम सिलिंडरांच्या मानेला भेगा जात असल्याचे आढळल्यामुळे अनेक ठिकाणी ते भरलेच जात नाहीत. आपल्या देशात असे सिलिंडर ‘गॅस सिलिंडर नियम, २०१६’ च्या कक्षेत येतात आणि त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपूरला आहे. चाचणीची मुदत उलटलेला सिलिंडर भरता येत नाही.

जमा आणि नावे

वाणिज्य शाखेच्या सवयीप्रमाणे या दोन परंपरांचा ताळेबंद मांडून पाहू. जुन्या शाळेच्या जमेच्या बाजूला समज, धीर आणि यंत्राशी असलेली ओळख आहे. शिवाय बुडबुडे पाठीमागे सुटत असल्याने चेहऱ्यासमोर शांतता राहते, म्हणून पाण्याखालील छायाचित्रकार आजही त्या यंत्राची वाखाणणी करतात. परंतु नावे बाजू लहान नाही. ते प्रशिक्षण धडधाकट, निर्भय तरुणांसाठी आखलेले होते. इतरांना त्यात फारशी जागा नव्हती. काही जुने नियम पुढील संशोधनात अपुरे ठरले. अमेरिकी नौदलाच्या जुन्या कोष्टकांत मिनिटाला १८ मीटर वेगाने वर येण्यास मुभा होती. १९९३ मध्ये तो वेग निम्म्यावर आणण्यात आला. आजचा पाणबुडा पाच मीटरवर तीन मिनिटे थांबतो, तोही सुरक्षिततेसाठीच. दाबाचा काटा, फुगणारे जाकीट आणि सोबत्यासाठी दुसरी तोटी या साधनांमागे कोणाचे तरी अपघात आणि त्यांतून घेतलेले धडे आहेत.

आधुनिक शाळेच्या जमेला सुरक्षितता आणि सर्वांसाठी उघडलेले दार आहे. तिची नावे बाजू एवढीच, की सुविधा वाढली तसे यंत्र हे बंद पेटीसारखे झाले. आपल्या बँकेतील ज्येष्ठ सहकारी सांगतात, की खतावणीच्या काळात व्याजाचा हिशोब हाताने करावा लागे आणि दिवसअखेर एका रुपयाचा फरक शोधण्यात रात्र होई. माझ्या पिढीने कोअर बँकिंगच पाहिले. त्या काळात परत जाण्याची इच्छा कोणालाही नाही. तरीही संगणकाने दाखवलेला आकडा चुकीचा असू शकतो, हे ज्यांच्या चटकन लक्षात येते, त्यांनी बहुधा कधीतरी तो हाताने मांडलेला असतो. दोन नळ्यांच्या यंत्राची दुरुस्ती करणाऱ्याला नेमके हेच मिळते.

म्हणूनच या छंदातील जाणकार मंडळी दोन्ही परंपरांची सांगड घालतात. प्रथम आजचे प्रमाणपत्र, मग अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली तलावातील सराव आणि त्यानंतर उथळ समुद्र, असा त्यांचा क्रम असतो. अनेक जण जुन्या यंत्राला नव्या जोडण्या बसवून दाबाचा काटा आणि सोबत्याची तोटीही लावतात. शोभेसाठी ठेवलेले जुने यंत्र चकचकीत दिसले म्हणून ते पाण्यात वापरण्याजोगे झाले असे होत नाही, ही समज त्यांच्यात पक्की असते.

आपल्यापैकी फार थोडे जण असे यंत्र कधी पाठीवर घेतील. परंतु येत्या हिवाळ्यात कोकणात किंवा अंदमानात समुद्रात उतरण्याचा बेत असेल, तर प्रशिक्षकाला काही प्रश्न अवश्य विचारावेत. सिलिंडरची शेवटची चाचणी केव्हा झाली? हवेचा काटा कोठे आहे आणि तो कसा वाचायचा? हवा संपत आली तर दुसरी तोटी कोणाकडे आहे? शक्य असल्यास अनुभव-बुडीवर समाधान न मानता दोन-चार दिवस काढून पूर्ण अभ्यासक्रम करावा. चांगला प्रशिक्षक या प्रश्नांनी नाराज होत नाही, उलट त्याला आनंदच होतो; आणि आपल्या श्वासाचा हिशोब आपल्याला ठाऊक असला, की खालचे प्रवाळही अधिक निर्धास्तपणे पाहता येते.