खुले, मर्यादित, बंद : अल्गोदोनेस वालुकागिरींतील वाहनविहार आणि त्याची परिभाषा

‘ऑफ-रोड’ या इंग्रजी समासाला मराठी प्रतिशब्द शोधू गेल्यास प्रथम ‘आडवाट’ हा शब्द सुचतो. परंतु तो येथे अपुरा पडतो. आडवाट रहदारीपासून दूर असली तरी ती वाटच होय. तिच्यावरून पूर्वी कोणीतरी गेलेले असते. ‘ऑफ-रोड’ या शब्दाने मात्र वाटेचा अभावच सूचित होतो. हा अर्थभेद केवळ कोशकाराच्या कुतूहलाचा विषय नव्हे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील वाळवंटी वाहनविहाराच्या क्षेत्रांत अशा शब्दांच्या अर्थावर माणसाचा जीव आणि वनस्पतीचे अस्तित्व ही दोन्ही अवलंबून असतात. कॅलिफोर्नियाच्या आग्नेय कोपऱ्यातील अल्गोदोनेस वालुकागिरी हे याचे उत्तम उदाहरण होय.

हा वालुकापट्टा सुमारे ४५ मैल लांब व सुमारे ६ मैल रुंद असून त्यातील काही टेकड्यांची उंची ३०० फुटांपर्यंत आहे. प्राचीन काहुइला सरोवराच्या काठची वाळू वाऱ्याने वाहून आणल्यामुळे तो निर्माण झाला, असे सामान्यतः मानले जाते. ‘अल्गोदोन’ हा कापूस या अर्थाचा स्पॅनिश शब्द अरबीतून आलेला असून त्याच्या आरंभी अरबी उपपद ‘अल’ अद्याप टिकून आहे. या वाळूतून पक्का मार्ग नेणे इतके कठीण होते की, १९१५ साली तेथे चक्क लाकडी फळ्यांचा रस्ता अंथरण्यात आला व १९२६ पर्यंत मोटारी त्यावरून जात राहिल्या. जेथे रस्ता टिकविण्यासाठी एवढी धडपड झाली, तेथेच पुढे लोक रस्ता सोडण्यासाठी येऊ लागले. उन्हाळ्यात तेथील उष्मा असह्य असतो. म्हणून ऑक्टोबर ते एप्रिल हाच वाहनविहाराचा मुख्य हंगाम होय. नोव्हेंबरातील थँक्सगिव्हिंगच्या सुटीत तर तेथे एक लाखाहून अधिक लोक जमतात.

रस्ता नाही म्हणजे नियम नाही, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु वाळूचे स्वतःचे नियम असतात. वालुकागिरीचा वाताभिमुख उतार सौम्य असतो. माथ्यापलीकडील वातविन्मुख उतार मात्र सुमारे ३३ ते ३४ अंशांचा, म्हणजे सुटी वाळू ज्या कोनात जेमतेम स्थिर राहते त्या कोनाचा असतो. सौम्य उतारावरून वेगाने चढणाऱ्या चालकाला माथ्यापलीकडचा कडा दिसत नाही. शिवाय वाऱ्याबरोबर माथा सरकत असल्याने काल उमटलेल्या चाकोरीवर आज विसंबणे घातक ठरू शकते. वाळूच्या या गतिशास्त्राचा पायाभूत ग्रंथ राल्फ बॅग्नोल्ड यांनी १९४१ साली प्रसिद्ध केला. तत्पूर्वी त्यांनी स्वतः लिबियाच्या वाळवंटात मोटारी चालविल्या होत्या आणि टायरांतील हवा कमी केल्यास चाके वाळूत रुतत नाहीत, या युक्तीचा अवलंब केला होता. हवा कमी होताच टायर पसरतो, भार अधिक क्षेत्रावर विभागला जातो आणि वाळूवरील दाब घटतो. अल्गोदोनेस येथे येणारा चालक आजही प्रथम हेच करतो.

माथ्यापलीकडून येणारे वाहन दिसावे म्हणून प्रत्येक वाहनास लवचिक काठीवर, जमिनीपासून ८ फूट उंचीवर, निशाण लावणे आवश्यक असते. चिन्हविचाराच्या दृष्टीने हे निशाण लक्षणीय आहे. ते ‘पलीकडे कोणीतरी आहे’ एवढेच विधान करते; पण अपघात टाळण्यास तेवढे विधान पुरेसे असते. चालकांच्या बोलीतही अशीच उपयुक्तता आढळते. दोन्ही बाजूंनी तीव्र उतार असलेल्या धारेला ते ‘रेझरबॅक’ म्हणतात, तर चाकांनी पडलेल्या लागोपाठच्या उंचवट्यांना ‘व्हूप्स’. रूपावरून धोका ओळखता यावा, हेच या नामकरणाचे प्रयोजन होय.

परिभाषेचा खरा कस कायद्याच्या क्षेत्रात लागतो. १९७२ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी काढलेल्या आदेशान्वये संघशासनाच्या जमिनींवर अशी वाहने कोठे चालावीत व कोठे चालू नयेत, हे ठरविणे खात्यांना बंधनकारक झाले. अल्गोदोनेसचा कारभार पाहणाऱ्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या नियमांत ‘खुले’, ‘मर्यादित’ आणि ‘बंद’ असे तीन वर्ग आहेत. ‘खुले’ म्हणजे निर्बंधरहित नव्हे. वाहनाची व चालविण्याची नियमावली तेथेही लागू असते. खुलेपणा आहे तो केवळ मार्ग निवडण्याचा.

‘बंद’ या शब्दामागे दोन भिन्न हेतू आहेत. महामार्ग क्रमांक ७८ च्या उत्तरेकडील सुमारे २६,००० एकर प्रदेश १९९४ च्या कायद्याने वन्यक्षेत्र म्हणून वाहनांस बंद झाला. तेथे निसर्गाची अस्पर्शित स्थिती हेच मूल्य मानले आहे. दक्षिणेकडील वाद मात्र एका वनस्पतीवरून झाला. शिंबावंत कुलातील पियर्सन्स मिल्कव्हेच ही वनस्पती अमेरिकेत केवळ याच वालुकागिरींत आढळते. १९९८ साली तिची गणना संकटग्रस्त जातींत झाली आणि २००० साली न्यायालयीन दाव्यानंतर सुमारे ४९,००० एकर क्षेत्र तात्पुरते बंद करण्यात आले. २०१३ च्या आराखड्याने यातील बराच भाग पुन्हा खुला करण्याचे ठरविले. वनस्पतीचा निर्णायक अधिवास मात्र बंदच ठेवला. या वनस्पतीची संख्या पावसागणिक मोठ्या प्रमाणात बदलते. एखाद्या कोरड्या वर्षी उजाड दिसणाऱ्या वाळूत तिचे बी पडून असते. म्हणून ‘येथे काही नाही’ हे पाहणाऱ्याचे विधान तेथे सहसा प्रमाण ठरत नाही.

सारांश, या क्षेत्राला भेट देणाऱ्याने वाहनाइतकीच शब्दांचीही पूर्वतयारी करावी लागते. ‘रिकामे’, ‘खुले’ आणि ‘वाटेविना’ हे तीन शब्द समानार्थी नाहीत. त्यांतील पहिल्याचा निर्णय पाऊस करतो, दुसऱ्याचा कायदा आणि तिसऱ्याचा वारा.