भय्ये आले म्हणून पोरं बेकार?

बोईसर स्टेशनबाहेर एमआयडीसीच्या रिक्षात बसलं की हे वाक्य कानावर येतंच: "भय्ये आले आणि आपल्या पोरांची कामं गेली." परवा लग्नाच्या पंगतीतही तेच. बोलणाऱ्या काकांनी भाताच्या खाचरावर बारा खोल्यांची चाळ बांधली आहे. भाडेकरू सगळे उत्तर प्रदेश-बिहारचे.

कामं म्हणजे टोपलीत मोजून ठेवलेल्या भाकऱ्या नव्हेत, किती वेळा सांगायचं? बाहेरून आलेला माणूस खोली घेतो, किराणा भरतो, खानावळीत जेवतो, त्यावर इथलीच घरं चालतात. मे 2020 मध्ये श्रमिक गाड्यांनी ही माणसं गावी गेली, तेव्हा खोल्या रिकाम्या पडल्या आणि कारखान्यांना माणूस मिळेना.

तरी कुणालाच झळ बसत नाही, असंही नाही. 1980 मध्ये क्यूबातून सव्वा लाख लोक अमेरिकेत आले, मायामीतला कामगारवर्ग 7 टक्क्यांनी वाढला. डेव्हिड कार्ड यांच्या 1990 च्या अभ्यासात स्थानिक अकुशल कामगारांच्या मजुरीवर वा रोजगारावर फारसा परिणाम दिसला नाही. जॉर्ज बोर्हास यांनी नंतर तोच काळ तपासला. शाळा अर्धवट सुटलेल्यांची मजुरी त्यांना घसरलेली दिसली. आपल्याकडे त्या पायरीवर वारली, कातकरी पोरगा उभा आहे. ठेकेदाराला कारखान्याजवळ राहणारा, बारा तास राबणारा, भाताच्या आवणीला सुट्टी न मागणारा माणूस हवा असतो. 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात सारख्या कामाला सारखी मजुरी लिहिलेली होती. ती खरोखर दिली गेली, तर स्थानिकाला डावलून ठेकेदाराचा काय फायदा? भांडायचं तर इथे भांडा.

"बाहेरच्यांच्या गर्दीने प्रदूषण वाढलं", हेही चूक. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या प्रदूषण निर्देशांकात बोईसरलगतचं तारापूर 93.69 गुणांसह देशात सर्वांत वाईट ठरलं, ते औद्योगिक क्षेत्र म्हणून, माणसांच्या गर्दीमुळे नव्हे.

"स्थलांतरित म्हणजे परराज्यातला", हाही गैरसमज. 2011 च्या जनगणनेत सुमारे 45 कोटी स्थलांतरितांपैकी राज्याची हद्द ओलांडलेले जेमतेम 12 टक्के.

"आपली माणसं गाव सोडत नाहीत", हेही खरं नाही. डहाणू-तलासरीचे खलाशी गुजरातच्या बोटींवर जातात. जव्हार-मोखाड्यातली कुटुंबं दिवाळीनंतर भांडीकुंडी, कोंबड्या, पोरं टेम्पोत घालून भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर निघतात. घेतलेली उचल फिटेपर्यंत भट्टी सुटत नाही, आणि तोवर पोरांची शाळा बुडालेली असते.