नव्या शहरातली जुनी गावे

परवा वर्गात ‘माझे गाव’ या विषयावर निबंध लिहावयास दिला. नवी मुंबईत वाढलेल्या एका विद्यार्थ्याने पहिल्याच ओळीत लिहिले, ‘माझ्या गावाला इतिहास नाही, ते सरकारने वसविले.’ वाचून हसू आले, आणि थोडी लाजही वाटली. इतकी वर्षे येथे राहून मी तरी मुलांना दुसरे काय सांगितले होते?

पुढच्या रविवारी पाच-सहा विद्यार्थ्यांना घेऊन बेलापूरच्या किल्ल्यावर गेलो. किल्ला म्हणजे काही रायगड नव्हे! पनवेलच्या खाडीच्या मुखाशी एक बुटकी टेकडी आणि तीवर झाडीत दडलेले पडके अवशेष. पण ही खाडी ज्याच्या नजरेखाली, त्याच्या हाती इथला व्यापार. म्हणून सोळाव्या शतकात सिद्दीने हा किल्ला बांधला, १६८२ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला, अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकात चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तो मराठ्यांकडे आला आणि १८१७ मध्ये इंग्रजांकडे गेला. किल्ला मिळाल्यास देवाला बेलाची माळ वाहीन, असा अप्पांनी नवस केला व त्यावरून बेलापूर हे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. त्यापूर्वी किल्ल्याला म्हणत शाबाज.

एवढे बोलतो न बोलतो तोच मागे गप्प उभा असलेला एक मुलगा म्हणाला, “सर, शहाबाज तर आमचं गाव! इथं खालीच. आजोबांची भातखाचरं होती, तिथं आता इमारती आहेत.”

त्याक्षणी मी गुरू राहिलो नाही. १९७० साली सिडको स्थापन झाली, तेव्हा येथे माळरान नव्हते. आगरी-कोळ्यांची पंच्याण्णव गावे होती, भातशेती होती, मिठागरे होती. जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात जे आंदोलन झाले, त्यात पाच जणांनी गोळीबारात प्राण गमावले. साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली ती त्यानंतर. हा इतिहास नव्हे तर काय?

सर्बियात डॅन्यूबकाठी नोवी साद नावाचे शहर आहे. त्यातले ‘नोवी’ म्हणजे आपले ‘नवी’च, दोन्ही शब्द एकाच कुळातले. नदीपलीकडे पेट्रोवाराडिनचा जुना किल्ला आहे. त्याच्या मनोऱ्यावरील घड्याळात मोठा काटा तास दाखवितो, लहान काटा मिनिटे. का, तर नदीतल्या नावाड्यांना दुरून वेळ कळावी! नव्या शहराने ते जुने घड्याळ मोडीत काढले नाही.

वाचकहो, या दिवाळीत तुमच्या इमारतीखाली मुले मातीचा किल्ला करतील. शिवनेरी करतील, सिंधुदुर्ग करतील. त्यांना म्हणावे, यंदा बेलापूरचा करा. मात्र त्याआधी एकदा बोट धरून त्यांना त्या टेकडीवर न्या. आणि खाली उतरताना शहाबाजच्या एखाद्या म्हाताऱ्या ओटीवर घटकाभर टेका. इतिहासाचे पुढचे पान तिथेच उघडेल.