तापाची गोळी आणि मात्रेचे शास्त्र

गोव्याच्या डिचोली तालुक्यातील मुळगावासारख्या गावांत पावसाळी तापावर घेतली जाणारी पहिली गोळी बहुधा पॅरासिटामॉलची असते. म्हणूनच औषध शरीरावर काय परिणाम करते आणि शरीर त्या औषधाचे काय करते, हे रुग्णाच्या संदर्भात तपासणाऱ्या चिकित्सालयीन औषधशास्त्राची उजळणी याच गोळीपासून करणे इष्ट ठरते.

यकृत या औषधाचा बहुतांश भाग निरुपद्रवी करते, मात्र थोड्या अंशाचे विषारी द्रव्यात रूपांतर होते आणि ते द्रव्य ग्लुटाथायोन हा यकृतातील संरक्षक घटक निष्प्रभ करतो. मात्रा फार वाढली की ग्लुटाथायोनचा साठा आटतो व यकृताच्या पेशी मरू लागतात. त्यामुळे निरोगी प्रौढासाठी २४ तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या, ही कमाल मर्यादा मानली जाते. कमी वजन, यकृतविकार किंवा नियमित मद्यपान असल्यास ती आणखी खाली येते, तर मुलांची मात्रा वजनावरून ठरते. सर्दीच्या अनेक मिश्र गोळ्यांतही हेच औषध असल्याने नकळत दुप्पट मात्रा पोटात जाऊ शकते.

पावसाळी ताप डेंगीचा असल्याची शंका असताना मात्र आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक व ॲस्पिरिन ही इतर ताप-वेदनाशामक औषधे टाळावी लागतात, कारण रक्त गोठवण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेट आधीच घटलेल्या असताना ही औषधे त्यांचे कार्य मंदावतात आणि जठरातील रक्तस्रावाचा धोका वाढवतात.

पणजीत १८४२ साली सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा आज बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय चालवत आहे; परंतु सुरक्षित औषधोपचार घरापर्यंत पोहोचायचा, तर प्रत्येकाने वेष्टनावरील घटक वाचावेत आणि चालू असलेल्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांना अवश्य दाखवावी.