याद्यांमध्ये आणखी एक यादी

आमच्या पुंडलिकनगरात शेजारच्या घरी नुकताच विवाह ठरला. पाहुण्यांची, वस्त्रांची, मिष्टान्नांची, अशा याद्या सुरू झाल्या. कोणते धन कोणाचे, ही यादी मात्र कोणी केली नाही. तो विषय काढणे म्हणजे सोयरिकीवर अविश्वास दाखविणे, असे आपण मानतो.

बँकेच्या सेवेत असताना एका व्यापारी घराण्याची विधवा सून माझ्यासमोर येऊन बसली होती. तिच्या माहेरचे दागिने पतीने दुकानाच्या कर्जासाठी स्वतःच्या नावे तारण ठेवले होते. दीर म्हणत, दागिने पेढीचे. ती म्हणे, माझे. दोघेही खोटे बोलत नव्हते. कागद मात्र कोणाजवळच नव्हता.

गोव्यात हा प्रश्न विवाहापूर्वीच सोडविला जातो. तेथे 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा 1961 च्या मुक्तीनंतरही विवाहाच्या बाबतीत चालू राहिला. करार केला नसेल, तर पती-पत्नी एकमेकांच्या मालमत्तेत निम्म्याचे धनी होतात. ज्यांना हे नको, ते विवाहापूर्वी नोंदीव करार करून मालमत्ता विभक्त ठेवतात, किंवा केवळ विवाहानंतरची कमाई समाईक करतात. मूळ कायद्यानुसार विवाहानंतर हा करार बदलता येत नसे.

महाराष्ट्रात तशी सोय नाही. 1955 चा हिंदू विवाह कायदा आपणा जैनांनाही लागू आहे आणि त्यात अशा कराराची तरतूद नाही. पोटगीचा हक्क आधीच सोडून देण्यासारखी अट करार कायद्याच्या कलम 23 नुसार सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरू शकते. तेव्हा मुद्रांकावर करार लिहून घेतला की निश्चिंत झालो, हा भ्रम होय.

यादीला मात्र कायद्याचाच आधार आहे. हुंडा प्रतिबंधक कायद्याखालील 1985 च्या नियमांनुसार वधू व वर यांनी आपापल्या भेटवस्तूंची लेखी यादी ठेवावयाची असते. वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते आणि दोघांच्या सह्या, एवढाच तिचा मजकूर. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात स्त्रीधन हे पत्नीच्याच मालकीचे, सासरी ते केवळ विश्वासाने सोपविलेले असते, असे स्पष्ट केले.

म्हणून व्यापारी बंधूंना एवढेच सांगणे. दागिन्यांच्या पावत्या कन्येच्या नावे घ्याव्यात. सुनेचे धन पेढीत घेतले, तर ते खतावणीत तिच्या नावे जमा करावे. जामीनपत्रावर तिची सही घेण्यापूर्वी तिला ते वाचू द्यावे.

परिग्रह-परिमाण व्रत घेताना श्रावक क्षेत्र, वास्तू, सुवर्ण, धन, धान्य यांची मर्यादा ठरवितो. आपले किती आहे हे ठाऊक असल्याखेरीज ती मर्यादा ठरत नाही. आणि सुनेचे धन त्या मोजणीत आपले म्हणून धरता येत नाही.